वाऱ्याची ओढ आणि पाण्याची पैमाष

ज्या जिल्ह्यात पाण्याचा विचार आधी जमाखर्चाच्या वहीत होतो आणि मग देवाच्या अभिषेकात, ज्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कालव्याच्या आवर्तनाची तारीख घरच्या लग्नाच्या तिथीइतकी तोंडपाठ असते, त्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका तरुण शिक्षिकेने उन्हाळ्याच्या सुट्टीत रामेश्वरला जावे, आणि देवदर्शन आटोपल्यावर परतीची गाडी न धरता, एका भल्यामोठ्या पतंगाला स्वतःस बांधून घेऊन समुद्राच्या पाठीवर फळीवरून धावण्याची विद्या शिकण्यासाठी तेथेच मुक्काम वाढवावा, ही गोष्ट तिच्या आप्तवर्गात वादाचा विषय झाली नसती तरच नवल. या विद्येला आता सर्वत्र काइटसर्फिंग असेच म्हणतात. वादातले प्रमुख पक्षकार तिचे मामा. त्यांची सारी हयात पाटबंधारे खात्यात, भीमेच्या पाण्याची मोजदाद करण्यात गेली. दोघांशीही माझा जुना स्नेह असल्यामुळे, इंग्रजी अमदानीत 1871 साली पुरा झालेल्या आणि शहरातले लोक ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात त्या एकरूख तलावाच्या बांधावर एका सायंकाळी झालेले त्यांचे बोलणे मला अथपासून इतीपर्यंत ऐकता आले. त्यातली पुनरुक्ती गाळून ते येथे देतो. माझे मत अधूनमधून डोकावेल, कारण या प्रश्नात मी तटस्थ नाही.

मामा — खेळाचे मला वावडे नाही, हे तू जाणतेस. परंतु प्रत्येक जागेची एक मर्यादा असते. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, हा आपल्या वाडवडिलांचा शिरस्ता. त्या यात्रेसाठी माणसे जन्मभर पै-पैसा गाठीला बांधून ठेवत. अग्नितीर्थावर समुद्रस्नान करावे, देवळातल्या बावीस तीर्थांचे पाणी डोक्यावर घ्यावे आणि मग ईश्वरासमोर उभे राहावे, ही त्या बेटावर जाण्याची रीत. तू तिथे जाऊन उड्या मारण्याचे शिक्षण घेतलेस, हे माझ्या मनाला रुचत नाही.

भाची — मामा, बावीस तीर्थांचे पाणी मीही घेतले, आणि अग्नितीर्थावर पतंग कुणी उडवत नाही. आमची जागा गावापासून दूर, धनुष्कोडीच्या वाटेवर, जिथे बेट निमुळते होत जाते तिकडची. एका अंगाला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या अंगाला मन्नारचे आखात, आणि मध्ये वाळूची पट्टी. काही ठिकाणी वाळूने अडवलेले उथळ पाणी आहे, कंबरभर, कुठे गुडघाभर. पडले तर पाय टेकतात. नवशिक्याला याहून मोठी सोय कुठली? आणि वारा म्हणाल तर उन्हाळाभर नैर्ऋत्येचा आणि डिसेंबरनंतर ईशान्येचा. बेट अरुंद असल्यामुळे वाऱ्याची दिशा फिरली की आपण किनारा बदलायचा, इतकेच.

मामा — वाऱ्याचे गोडवे मला सांगू नकोस. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा जुना रेल्वेपूल 1914 साली उघडला, तेव्हापासून त्या पुलाचा खरा अधिकारी वाराच होता. वेग ताशी 58 किलोमीटरच्या वर गेला की गाडीला पुलावर जाण्याची मुभा नसे. त्यापुढे स्टेशनमास्तरचाही हुकूम चालत नसे. आणि 1964 च्या डिसेंबरात, बावीस तारखेच्या रात्री, त्याच वाऱ्याने धनुष्कोडीचे स्टेशन, वस्ती, देवळे, चर्च, सारे धुऊन नेले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी उतारूंसह समुद्रात गेली. पुढे मोडलेला पूल रेल्वेचे अभियंते श्रीधरन यांनी 46 दिवसांत पुन्हा उभा केला, पण धनुष्कोडी गाव पुन्हा वसले नाही. जिथे वाऱ्याने इतकी माणसे नेली, तिथेच जाऊन त्या वाऱ्याला अंगाला बांधून घ्यायचे, याला मी धाडस म्हणत नाही.

मामांचे हे बोलणे मला उडवून लावण्याजोगे वाटले नाही. आपत्तीची स्मृती बाळगणे ही वृद्धांची जबाबदारी आहे आणि ती ते पार पाडत होते. परंतु भाचीचे उत्तर ऐकल्यावर माझ्या ध्यानात आले की या विद्येचा पायाच त्या स्मृतीवर घातलेला आहे.

भाची — मामा, पहिल्या सकाळी आम्हाला पाण्यात नेलेच नाही. वाळूवर बसवले आणि वारा बघायला सांगितले. पाण्यावरचे काळे पट्टे कुठून सरकत येतात, कोळ्यांच्या होडीवरचे फडके कुठल्या अंगाला फडफडते, ढग किनाऱ्याकडे येतात की किनाऱ्यापासून जातात. वारा किनाऱ्यावरून आत समुद्राकडे वाहत असेल तर नवशिक्याने त्या दिवशी पतंग पिशवीतून काढायचा नाही, हा नियम, कारण काही बिघडले तर वारा माणसाला आत नेतो आणि परत आणत नाही. वारा तिरपा, किनाऱ्याकडे येणारा हवा. मग दुसरी गोष्ट सांगितली. वाऱ्याचा वेग 10 नॉटवरून 14 नॉटवर गेला की पतंगाची ओढ जवळजवळ दुप्पट होते, कारण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. मी वर्गात मुलांना वर्ग आणि वर्गमूळ शिकवते. पण ते गणित स्वतःच्या कमरेला जाणवले ते तिथे.

मामा — कमरेला म्हणजे?

भाची — सगळी ओढ कमरेवरच येते. हातांवर घेतली तर माणूस थोड्या वेळात दमून जाईल. कमरेला रुंद पट्टा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. त्याच्या पुढच्या आकड्यात बारचा फास अडकवायचा. बार म्हणजे दोन्ही हातांनी धरायची आडवी दांडी. तिच्यापासून वीसेक मीटर लांबीच्या दोऱ्या निघतात आणि त्यांच्या टोकाला पतंग. सात, नऊ, बारा चौरस मीटरचे असतात, वारा जितका जोराचा तितका पतंग लहान. आपला नंदीध्वज आठवा, मामा. संक्रांतीच्या यात्रेत सातही नंदीध्वज शहरातून निघतात. तीस फुटांच्या आसपासची ती काठी, बुंधा कमरेशी घेऊन, नजर वर शेंड्याकडे ठेवून माणसे चालतात. हात काठी धरत नाहीत, हात तिचा तोल राखतात. वरती वाऱ्याची झुळूक आली की ती खाली कमरेला कळते आणि पाऊल तसे पडते. यात्रेच्या आधी कित्येक आठवडे गल्लीगल्लीतून सराव चालतो तो याच्यासाठीच. मला तिथे पहिल्यांदा हार्नेस घातला तेव्हा मी शिक्षकांना म्हणाले, आमच्या गावात हे माहीत आहे.

या उपमेने मामांचा चेहरा एकदम उजळला, कारण तरुणपणी त्यांनी मानाच्या नंदीध्वजाचा सराव जवळून पाहिला होता. मीही मनाशी विचार करू लागलो. समुद्रापासून शेकडो मैल दूर, दगडी पठारावर वसलेल्या या शहराने भाराशी झुंजण्याऐवजी भार कमरेवर पेलून त्याच्याशी जुळवून चालण्याचे शिक्षण शतकानुशतके आपल्या तरुणांना देवाच्या नावाने दिले असेल, तर त्या शहरातली मुलगी समुद्रावर उपरी कशी ठरेल? इथे थोडा इतिहासही सांगावासा वाटतो. पतंगाने माणसाला ओढून नेण्याचा उद्योग नवा नाही. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरी जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तराने 1826 साली पतंगांनी ओढायच्या गाडीचे पेटंट घेतले. पथकर घोड्यांच्या संख्येवर आकारला जात असल्यामुळे, घोडा नसलेल्या त्या गाडीवर कर बसवायचा कसा हे नाकेदारांना कळेना. परंतु पाण्यावर हा उद्योग सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो फ्रान्समधल्या लेगेनू बंधूंमुळे. त्यांनी 1984 साली हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतले. असा पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि दोरी ओढून पुन्हा वर चढवता येतो. नवशिक्याचे सारे शिक्षण या एका सोयीवर उभे आहे, कारण नवशिक्याचा पतंग आकाशापेक्षा पाण्यातच जास्त असतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, 2024 साली, या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. शर्यती मार्सेयच्या समुद्रावर झाल्या, आणि विषुववृत्तालगतच्या सिंगापूर बेटाच्या मॅक्स मेडर या सतरा वर्षांच्या मुलाने त्यात कांस्यपदक मिळवले.

मामा — नंदीध्वजाचे म्हणतेस ते पटते. पण नंदीध्वज घसरला तर धरायला चार माणसे आजूबाजूला असतात. तुझ्या पतंगाने तुला उचलले तर कोण धरणार?

भाची — कुणी धरायचे नाही, मीच सोडायचे. हार्नेसच्या आकड्यापाशी एक लाल मूठ असते. ती पुढे ढकलली की फास सुटतो, पतंगातला जोर निघून जातो आणि तो एका दोरीला लटकत पाण्यावर पडतो. तरीही ओढत असेल तर तीही दोरी सोडायची आणि पतंग जाऊ द्यायचा. ही मूठ आम्हाला डोळे मिटून शोधायला लावली, उजव्या हाताने, डाव्या हाताने, पाण्यात तोंड बुडलेले असताना. हात आपोआप तिथे गेला तरच पुढचा धडा. मामा, मला सगळ्यात अवघड काय गेले, सांगू? भीती वाटली की माणूस हातातले घट्ट धरतो आणि स्वतःकडे ओढतो. बार स्वतःकडे ओढला की पतंगाचा जोर वाढतो, जोर वाढला की भीती वाढते, भीती वाढली की आणखी ओढतो. बार सैल सोडला तर पतंग निमूट वर जाऊन उभा राहतो. हे वाळूवर सांगितले तेव्हा मला पूर्ण कळले होते. पाण्यात माझ्या हातांना ते कळायला फार वेळ लागला.

मग तिने पुढचे टप्पे सांगितले, तेही घाई न करता. आधी लहानसा सरावाचा पतंग घेऊन किनाऱ्यावर उभे राहायचे. आकाश म्हणजे घड्याळाची तबकडी, डोक्यावर बारा, दोन्ही बाजूंना पाण्यालगत नऊ आणि तीन, असे मनाशी धरून पतंग कडेकडेने हळू फिरवायचा. मधल्या भागात ओढ सर्वांत जास्त, म्हणून तिकडे फिरकायचेही नाही. नंतर मोठा पतंग घेऊन, फळीवाचून, पोटावर पालथे पडून पाण्यातून ओढले जायचे. नाकातोंडात खारे पाणी जाते, डोळे चुरचुरतात, पण हरवलेल्या फळीपर्यंत वाऱ्याच्या उलट दिशेने तिरपे तिरपे कसे पोहोचायचे ते याच टप्प्यात समजते. सरतेशेवटी फळी. पाण्यात बसून पाय तिच्या पट्ट्यांत अडकवायचे, गुडघे छातीशी घ्यायचे, पतंग बारावर स्थिर करायचा आणि मग तो एका बाजूला खाली झुकवून लगेच वर घ्यायचा. त्या झुकावाने देह पाण्यातून उचलला जातो. झुकाव कमी पडला तर माणूस मागे बसतो, जास्त झाला तर तोंडावर आपटतो. भाची अशी आपटत राहिली आणि एका दुपारी काही अंतर उभी राहून गेली. तेवढे सांगताना तिचा आवाज बदलला.

मामा काही वेळ स्वस्थ बसले. नंतर त्यांनी जो मुद्दा काढला तो मला या साऱ्या संवादातला सर्वांत वजनदार वाटला.

मामा — तू सांगितलेस त्यात तुझी मेहनत आहे, हे मला मान्य. पण त्या बेटावर पाण्याची विद्या जाणणारी माणसे आधीपासून आहेत. पांबनच्या बाजूच्या गावांतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारून शेवाळ गोळा करतात. त्यांना कोणी वर्ग भरवले? मन्नारच्या आखातातली 21 बेटे 1986 साली राष्ट्रीय उद्यानात गेली, तेव्हापासून त्यांना कुठे जाता येते आणि कुठे नाही याची तक्रार त्या मांडत आल्या आहेत. त्यांनी श्वास कोंडून मिळवलेल्या विद्येला दाखला नाही. आणि पाहुणा येतो, पैसे मोजतो, त्याच पाण्यात पतंग उडवतो आणि दाखला घेऊन घरी जातो. हक्क कोणाचा आणि मौज कोणाची? खात्यात असताना मी हेच पाहिले. धरणाच्या काठी पाण्याचा हक्क आणि पाण्याची मौज एका माणसाला कधी मिळाली नाही.

भाची — त्या बाया मी पाहिल्या आहेत. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोळ्यांवर पाण्याचा चष्मा, कमरेला पोतडी. माझ्याजवळून एक बाई पाण्याखाली गेली, आणि ती वर येईपर्यंत माझाच श्वास अडकला होता. त्यांच्यातल्या चिन्नापालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना 2015 साली सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला, तो शेवाळ न ओरबाडता काढण्याच्या रीतीसाठी आणि त्या रीतीमागच्या बायकांच्या संघटनेसाठी. त्यांना काहीच मिळाले नाही असे मी म्हणणार नाही, पण पुरेसे मिळाले नाही हे तुमचे म्हणणे खरे. आमच्या शिक्षकांचा नियम होता की जाळे दिसले, बांबूचा तराफा दिसला, की पतंग त्या बाजूला न्यायचा नाही. आपण चुकून गेलो तर पाण्यात पडलेले बरे, पण त्यांची दोरी तुटता कामा नये. पण मामा, त्यांची विद्या मोठी म्हणून मी अडाणीच राहावे का? मी सत्तावीस वर्षांची होईपर्यंत मला पोहता येत नव्हते. माझ्या आईला येत नाही. आजीला नदीवर धुणी धुण्यापुरते पाणी माहीत होते. आपल्या घरात पाण्याची भीती वारशाने आली आणि तिलाच आपण शहाणपण म्हणत आलो.

मामा — आपल्याकडे पाणीच कुठे होते भीती वाटायला?

भाची — उजनी आहे ना. तुमच्याच खात्याची. आणि 21 मे 2024 ला काय झाले, तेही तुम्हाला माहीत आहे.

ती तारीख निघाल्यावर मामांनी मान खाली घातली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या बाजूला कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी त्या दिवशी संध्याकाळी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण बुडाले. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. ज्या जलाशयाच्या पातळीची नोंद मामांनी वर्षानुवर्षे दफ्तरात केली होती, त्याच्या काठी राहणाऱ्या माणसांना रोज पलीकडे जाण्यासाठी होडी घ्यावी लागते आणि मे महिन्यात दुपारनंतर वारा कसा उठतो हेही त्यांना ठाऊक असते. परंतु ढग कोणत्या बाजूने चढला म्हणजे होडी पाण्यात घालायची नाही, हा विषय शाळेत नाही, ग्रामसभेत नाही आणि घाटावर पाटी लावूनही कोणी सांगत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या किती होड्यांत तरंगती जाकिटे असतात, हा प्रश्न भाचीने विचारला तेव्हा तिच्या स्वरात मामांविषयी आरोप नव्हता. मामांनी तो आरोप म्हणूनच घेतला.

मामा — जाकिटांची बाब अंदाजपत्रकात असायला हवी होती. आम्ही पाणी मोजले, वाटले, चोरी धरली, थकबाकी वसूल केली. पाण्यावरून माणूस जातो, ही बाब आमच्या रकान्यांत नव्हती. पण मग माझा प्रश्न आणखी पक्का होतो. हे शिक्षण इतके अगत्याचे असेल तर ते रामेश्वरला का? उजनीवर का नाही?

भाची — पतंगाचे शिक्षण उजनीवर नवशिक्याला देऊच नये. समुद्रावरून येणारा वारा वाटेत काही न अडता येतो, म्हणून तो एकसारखा असतो. आपल्या पठारावर टेकड्या, झाडे, तापलेले रान यांवरून येणारा वारा झटके देत येतो, आणि उन्हाळ्यातला वळीव काही मिनिटांत सगळे पालटून टाकतो. आता सांगितलेले वर्गाचे गणित इथे लावून पाहा. नवशिक्याला स्थिर वारा आणि उथळ पाणी हवे, म्हणून बेट. पण तिथून मी जे आणले ते पतंगापुरते नाही. मला आता ढग बघून भीती वाटते, आणि ती भीती मला उपयोगाची वाटते. माझ्या वर्गातल्या मुलांना निदान तरंगता यावे, पाण्यात पडल्यावर हातपाय न झाडता पाठीवर पडून राहता यावे, आणि होडीत चढण्यापूर्वी आभाळाकडे बघण्याची सवय लागावी, एवढे मला करायचे आहे.

या ठिकाणी माझे मत मी स्पष्ट सांगतो. मामांनी पाहुण्याच्या मर्यादेविषयी जे म्हटले ते मला सर्वथा मान्य आहे. ज्या पाण्यावर दुसऱ्याचे पोट अवलंबून आहे तेथे शिकायला जाणाऱ्याने जाळे आणि तराफा ही देवळाच्या उंबरठ्यासारखी मानली पाहिजेत. परंतु पाण्याकडे केवळ वाटपाची आणि पूजेची वस्तू म्हणून पाहण्याची आपल्या दुष्काळी मुलखाची जी वृत्ती आहे, तिने आपल्या मुलांच्या देहाला पाण्यापासून दूर ठेवले, आणि धरणे बांधून पाणी दारात आणल्यावरही आपण ती वृत्ती बदलली नाही, हे भाचीचे म्हणणे त्याहून निकडीचे आहे. ज्या मुलीने भीतीच्या क्षणी हातातली दांडी सैल करण्याचे शिक्षण स्वतःच्या हातांना दिले, ती हे सांगण्यास अधिकारी आहे असे मी समजतो.

बांधावरून उठता उठता मामांनी अर्जाचा मसुदा तोंडी सुरू केला होता: विषय, संदर्भ, शाळेच्या मुलांना तरण्याचे प्राथमिक शिक्षण देण्याबाबतची तजवीज, पालकांची लेखी संमती, जाकिटांची संख्या. शिक्षक कोण असावा यावर मात्र दोघांचे पुन्हा बिनसले. भाचीला रीतसर प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक हवा, कारण मुलांच्या जिवाची जोखीम आहे आणि बुडालेल्याला शुद्धीवर आणण्याची पद्धत शिकलेलाच माणूस पाहिजे. मामांचे म्हणणे, भीमेच्या काठचे भोई नेमावेत, योग्य मानधनावर, आणि प्रमाणपत्राचा खर्च लागेल तर तो अर्जातच मागावा. पांबनच्या बायांसाठी कोणी केले नाही ते इथे तरी करावे. वाहने रस्त्यावर उभी होती तिथपर्यंत हा वाद चालला, आणि मसुद्यातला तो रकाना त्या दिवशी कोराच राहिला.